गडाय, माइट!

ऑस्ट्रेलियातली टेस्ट बघायला पहाटे पाचचा अलार्म लावणारे तुमच्यात असतीलच. खरं सांगा, खेळाइतकीच मजा तिथल्या कॉमेंटरीची येते ना? रिची बेनॉ यांचा 'टू' हा 'च्यू'सारखा ऐकू यायचा. त्यामुळे दोन बाद दोनशे बावीस हा स्कोअर म्हणजे त्यांची नक्कल करणाऱ्यांची चंगळ! (तिथे आधी विकेट सांगतात, मग धावा. नवख्याचा गोंधळ ठरलेला.)

याच उच्चारात 'डे'चा 'डाय' होतो आणि 'मेट'चा 'माइट'. मेट म्हणजे आपला भावा, गड्या, भिडू. ओळख असो-नसो, बसचा ड्रायव्हर, भाजीवाला, शेजारी, सगळे तुम्हाला माइट म्हणणार. हा शब्द मुळात जुन्या जर्मन बोलीतून इंग्रजीत आला आणि त्याचं नातं थेट जेवणाशी आहे. आपल्याबरोबर एका पंगतीला बसणारा तो मेट! आपल्याकडे एका ताटात जेवणाऱ्यांची दोस्ती पक्की मानतात, तसंच काहीसं.

या शब्दावर तिथल्या लोकांचा जीव किती, ते बघा. २००५ मध्ये कॅनबेराच्या संसद भवनातल्या सुरक्षारक्षकांना फर्मान निघालं, की येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'मेट' म्हणायचं नाही. असा गदारोळ उठला की दिवसभरातच बंदी मागे! त्याआधी १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत 'मेटशिप' घालायची होती. ते मात्र जमलं नाही. बरंच झालं म्हणायचं, असले शब्द कायद्यात गेले की त्यांची इस्त्री होते.

शेजारच्या न्यूझीलंडचा थाट आणखी वेगळा. त्यांचा 'पेन' आपल्याला 'पिन' ऐकू येतो आणि 'फिश'चा 'फश' करतात म्हणून ऑस्ट्रेलियन त्यांना चिडवतात. म्हणजे 'डे'ला 'डाय' म्हणणाऱ्यांनी हसायचं, कमाल आहे राव!

हे सगळं आपल्याला भारी वाटतं, क्यूट वाटतं. मग आपल्याच वर्गातला नांदेडचा किंवा गडहिंग्लजचा मुलगा इंग्रजीत प्रेझेंटेशनला उभा राहिला की मागच्या बाकावर खसखस का पिकते? त्याचंही इंग्रजी त्याच्या गावचा हेल घेऊनच आलंय. बेनॉंचा हेल गोड आणि याचा गावठी, हे ठरवलं कोणी? या हसण्यापायी किती तरी मुलं तोंडच उघडत नाहीत. तोंडी परीक्षेत, इंटरव्ह्यूत उत्तर येत असून गप्प बसतात. हा तोटा खरा आहे.

बाहेर शिकायला जाणाऱ्यांनी तर हे लक्षात घ्याच. आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत तुमचा उच्चार समोरच्याला नीट कळतो का, हे बघतात. भारतीय हेल आहे म्हणून मार्क कापत नाहीत. उलट ऐकण्याच्या भागात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे नाना हेल कानावर पडतात. त्यामुळे तोंड वाकडं करण्याची प्रॅक्टिस सोडा, कान तयार करा. कॉमेंटरी ऐका, तिकडच्या मालिका सबटायटल बंद करून बघा.

आणि तिथे पोचल्यावर 'माइट' जमत नसेल तर खुशाल आपलं 'मेट' म्हणा, कळतं त्यांना. फक्त सूर ओळखायला शिका. लांबवलेला 'माऽऽइट' म्हणजे भेटून आनंद झाला. तोच शब्द कोणी तुटक, दात आवळून म्हणाला, तर तो आपल्याकडच्या 'ए भाऊ'सारखा समजा आणि बाजूला व्हा!