नावाआधी उपाय

समुद्री मत्स्यालय बाळगणाऱ्यांमध्ये एक रीत रूढ झाली आहे. मश्रूम कोरलवर किंवा त्याच्या बुडाशी काही अनोळखी उगवले, की निळ्या दिव्याखालीच त्याचे छायाचित्र काढायचे, चार जणांना पाठवायचे आणि जे नाव सर्वांत आधी येईल ते खरे मानून उकळत्या पाण्याची किटली हाती घ्यायची. याला निदान म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. निळ्या प्रकाशात प्रवाळातील प्रथिने स्वतःच हिरवी-नारिंगी उजळतात; छायाचित्रात उमटते ती प्रतिदीप्ती, प्राण्याचा खरा रंग नव्हे.

खरे तर पहिला प्रश्न वाढीचा नसून यजमानाचा आहे. ‘मश्रूम’ या एकाच नावाखाली दोन भिन्न प्राणी विकले जातात. ऱ्होडॅक्टिस, डिस्कोसोमा यांना सांगाडाच नसतो. फंजिया मात्र चुनखडीचा कठीण सांगाडा असलेले प्रवाळ आहे. लिनियसने 1758 मध्ये त्याच्या एका जातीला दिलेल्या नावातही भूछत्रच आहे. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. भारतात 2001 पासून सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि फंजिया अंदमान व लक्षद्वीपच्या समुद्रात आढळते. अशा वेळी शास्त्रीय नाव न लिहिता नुसते ‘मश्रूम’ म्हणून विकण्यात सोय कोणाची होते, हे सांगायला नको.

यजमान ठरला की पुष्कळ गूढ आपोआप विरते. ऱ्होडॅक्टिस सरकताना पायाचा तुकडा मागे ठेवतो आणि त्यातून नवा पॉलिप उगवतो. ज्याला रोग समजून खरवडले जाते, ते कित्येकदा पिल्लूच असते. फंजियाचा प्रकार याहून विलक्षण. मेल्यासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या सांगाड्यावर कधी कधी महिन्यांनी इवले पॉलिप फुटतात. तोवर तो सांगाडा कचऱ्यात गेलेला असतो. तबकडीवरचे गंजाच्या रंगाचे ठिपके जागा बदलत असतील, तर ती वाढ नव्हेच; ते चपटे कृमी आहेत. पारदर्शक देठ, लांब टोकदार शुंडके आणि स्पर्श होताच झटकन आक्रसणे ही ऐप्टाझिया नावाच्या उपद्रवी समुद्रफुलाची लक्षणे. यांतले एकही लक्षण स्थिर छायाचित्रात धड दिसत नाही.

‘छंदात एवढा काटेकोरपणा कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी पॅलिथोआचा विचार करावा. तपकिरी, बटणासारख्या तबकड्या, कडेला आखूड शुंडकांची झालर. मश्रूमच्या शेजारी हा प्राणी सहज ‘पिल्लू’ म्हणून खपतो. त्याच्या कुळातील एका हवाईयन जातीतून 1971 मध्ये पॅलिटॉक्सिन वेगळे करण्यात आले. पेशीतील सोडियम-पोटॅशियम पंपाला हे विष सताड उघडे दार बनवते. त्यावर उतारा नाही. असे प्राणी असलेला दगड उकळल्यामुळे किंवा ब्रशने घासल्यामुळे उडालेल्या वाफेने-तुषारांनी अख्खी कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ताप, खोकला, धाप. आणि छंदिष्टांच्या गप्पांत सर्वांत सढळपणे दिला जाणारा सल्ला कोणता, तर उकळते पाणी! सल्ला देणारा दूर असतो. वाफ घरातल्या लेकराच्या नाकात जाते.

छायाचित्रावरून नाव सुचवणाऱ्या नव्या अ‍ॅपना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या आधीही माणसे हेच करत होती, फक्त सावकाश. दुकानदारांचा दोष मात्र मोठा आहे. जिवंत प्राणी विकणाऱ्याने त्याचे कूळ आणि उगम पावतीवर लिहून द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. ग्राहकाने पांढरा दिवा लावावा, रात्री मंद लाल प्रकाशात पुन्हा पाहावे, आठवडाभर रोज त्याच कोनातून नोंद ठेवावी. नाव ठरेपर्यंत किटली, ब्रश आणि सुई टाकीपासून दूर राहावी. हात घालणे अटळच झाले, तर हातमोजे आणि चष्म्याशिवाय नको.