दोनच ग्लास तर घेतले!

गेल्या महिन्यात एका शनिवारी ताई आणि भाऊजी मुलांना घेऊन आमच्याकडे जेवायला आले. येताना भाऊजींनी नाशिकची लाल वाइन आणली होती. आमच्याकडे वाइनचे खास ग्लास कुठले असायला? सरबताचे काढले. काठोकाठ भरून दोन ग्लास भाऊजींनी घेतले, एक ह्यांनी. बाटली संपली. जेवणं उरकल्यावर भाऊजींनी गाडीची किल्ली उचलली. ताईने हटकले, तर म्हणाले, "अगं, दोनच ग्लास तर घेतले. द्राक्षांचा रस तो!"

आपल्यापैकी अनेकांना असेच वाटते. पण ग्लास हे काही माप नव्हे. वाइनच्या नेहमीच्या बाटलीत ७५० मिलिलिटर वाइन असते. अमेरिकेत एक ग्लास साधारण १५० मिलिलिटरचा धरतात, म्हणजे बाटलीत पाच ग्लास. ब्रिटनमध्ये १२५ आणि १७५ मिलिलिटर ही मापे कायद्यानेच ठरली आहेत. आपल्याकडे छोटा पेग ३० आणि मोठा ६० मिलिलिटरचा, हे पुष्कळांना ठाऊक असते. वाइनचे मात्र ज्याचा जसा ग्लास, तसे माप! आमचा सरबताचा ग्लास २५० मिलिलिटरचा निघाला.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. लेबलवर अल्कोहोल १२.५ टक्के लिहिले होते. म्हणजे ७५० मिलिलिटरमध्ये सुमारे ९४ मिलिलिटर, वजनात जवळजवळ ७५ ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या छोट्या पेगात ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे अख्खी बाटली सात छोट्या पेगांहून थोडी अधिकच, आणि भाऊजींचे 'दोनच ग्लास' म्हणजे जवळजवळ पाच छोटे पेग! पाच पेग घेऊन ते कधी स्टिअरिंगला हात लावणार नाहीत.

कायदाही वाइन आणि व्हिस्कीत फरक करत नाही. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले, तर तो गुन्हा ठरतो. अल्कोहोलचा निचरा करायला शरीराला वेळ लागतो. साधारणपणे एका छोट्या पेगासाठी तास-दीड तास धरावा. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची अंघोळ, कशानेही तो वेळ कमी होत नाही.

तुमच्या घरी वाइन येत असेल, तर स्वयंपाकघरातल्या मापाच्या कपाने एकदा ग्लासात पाणी ओतून पाहा. १२-१३ टक्क्यांची १०० मिलिलिटर वाइन म्हणजे एक छोटा पेग, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. अर्थात, मोजून घेतली म्हणजे ती निर्धोक झाली, असे समजू नका. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

भाऊजींनी कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता किल्ली ताईच्या हातात दिली. ताईला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे मुक्काम आमच्याकडेच पडला. मुले खूश झाली. आम्हाला हॉलमध्ये दोन गाद्या जास्त घालाव्या लागल्या, एवढेच.