झेंडावंदन सरकारचे नव्हे, आपले

सव्वीस जानेवारी किंवा पंधरा ऑगस्ट जवळ आला, की तिसगाव भागातल्या आमच्या बैठकांत एक वाद हमखास निघतो. तरुण कार्यकर्ते म्हणतात, "कांदा मातीमोल गेला, कापूस घरात पडून आहे, मग झेंडावंदनाला कशाला जायचे? त्यापेक्षा ट्रॅक्टरवर काळे झेंडे लावू." जुनी मंडळी म्हणतात, "आजच्या दिवशी तरी भावाचा विषय नको. झेंड्याला सलाम करावा, जिलेबी खावी आणि घरी जावे."

आम्हाला ही दोन्ही म्हणणी मान्य नाहीत. दोघांनीही हा दिवस सरकारचा आहे असे धरून चालले आहे. तो आपला कसा, हे नीट मांडण्याची वेळ आली आहे.

आधी २६ जानेवारी ही तारीख कुठून आली ते पाहू. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० रोजी देशभर लोकांनी जमून स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला मंजूर झाली, पण ती पूर्णपणे अमलात आणायला दोन महिने थांबून हीच तारीख धरली, ती त्या प्रतिज्ञेची आठवण म्हणून. एवढे शाळेत सांगतात. प्रतिज्ञेत काय होते, ते सांगत नाहीत.

प्रतिज्ञेत शेतकऱ्याचा हिशेब होता. माणसाची सरासरी कमाई दिवसाला सात पैसे. करांत वीस टक्के वाटा शेतसाऱ्याचा, तीन टक्के मिठाचा, असे आकडे त्यात होते. सूतकताईसारखे गावचे धंदे बुडवल्यामुळे शेतकरी वर्षातले चार महिने रिकामा बसतो, असे त्यात म्हटले होते. आणि जकात व चलन यांत फिरवाफिरव करून शेतकऱ्यावर आणखी ओझे टाकले जाते, ही तक्रार तर सरळ शब्दांत होती.

चलनाची तक्रार समजून घेण्यासारखी आहे. १९२७ साली सरकारने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरवला. रुपया असा चढा ठेवला की परदेशी जाणाऱ्या कापसाचे रुपये कमी होतात आणि बाहेरचा माल इथे स्वस्त पडतो. म्हणून गांधीजींनी जानेवारी १९३० मध्येच ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत शेतसारा निम्मा करा, मिठाचा कर काढा आणि रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर आणा, या तीन होत्या. तेव्हा प्रजासत्ताक दिनी भावाचा प्रश्न काढू नका, असे सांगणाऱ्याला हा दिवस ठाऊकच नाही. तो प्रश्न या दिवसाबरोबर जन्मापासून आहे.

आता आजचा हिशेब मांडू. १५ ऑगस्ट २०२३ चे झेंडावंदन झाले आणि चौथ्या दिवशी, १९ ऑगस्टला, कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसले. डिसेंबरमध्ये तर निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली. शुल्क मात्र आधी ४० आणि मग २० टक्के असे १ एप्रिल २०२५ पर्यंत डोक्यावर राहिले. २०२५ साली पुन्हा तोच महिना, तीच तारीख. १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन आपल्या वेचणीच्या दिवसांत. माल बाहेर जायचा तेव्हा दार बंद, बाहेरचा यायचा तेव्हा दार उघडे. १९३० च्या प्रतिज्ञेतली जकातीची तक्रार आजही जवळपास तशीच वाचता येते.

झेंड्याच्या कापडाचेही तसेच. पूर्वी झेंडा हातसुताच्या, हातमागावर विणलेल्या कापडाचाच लागे. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरचे, पॉलिस्टरचेही कापड चालू लागले. पुढच्याच वर्षी घरोघरी तिरंग्याची मोहीम निघाली. पाथर्डी-शेवगावच्या काळ्या रानात कापूस पिकतो आणि त्याच गावांत पॉलिस्टरचा झेंडा फडकतो, यात आम्हाला काही गौरव वाटत नाही. झेंडा सुती खादीचाच घ्यावा. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तो बनवते. चार पैसे जास्त पडतील, ते पडू द्यावेत.

"मग काळे झेंडे का नकोत?" असे तरुण विचारतील. निषेधाला आमची ना नाही, पण दिवस नेमका निवडा. घटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते, तोवर १८ जून १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववे परिशिष्ट आले. त्यात टाकलेल्या कायद्यांविरुद्ध मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. सुरुवातीचे तेराही कायदे जमिनीचे होते. कुळाला जमीन देण्याचा हेतू कितीही चांगला असो, शेतकऱ्याची दाद बंद करण्याची सवय तिथून लागली. किसानपुत्र आंदोलन १८ जून हा पारतंत्र्य दिवस म्हणून पाळते. काळा झेंडा त्या दिवशी शोभतो. २६ जानेवारीला घटनेने आपल्याला दिलेला हक्क मागायचा असतो, आणि हक्क मागणाऱ्याने आपल्याच झेंड्याकडे पाठ फिरवायची नसते.

आपल्याच जिल्ह्यातल्या पारनेरचे सेनापती बापट आठवा. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणात जात होत्या, तेव्हा ते त्यांच्यासाठी लढले आणि तुरुंगात गेले. त्याच बापटांच्या हस्ते १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकला. शेतकऱ्याच्या जमिनीसाठी लढणे आणि झेंडा उभारणे ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती.

आता करायचे काय? झेंड्यानंतरची ग्रामसभा हातात घ्यायची. कोरमला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जी संख्या कमी असेल ती लागते. एवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. मग चार जण सही करतात आणि गावाचा ठराव होतो. ग्रामसभेची ताकद पाहायची तर पुणतांब्याकडे पाहा. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या ग्रामसभेने संपाचा ठराव केला, १ जूनला शेतकरी संपावर गेला आणि महिना संपण्याआधी सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली.

आपल्या भागाची एक अडचण आम्ही जाणतो. २६ जानेवारीला पाथर्डी तालुक्यातली हजारो माणसे गावात नसतात. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन गेलेली जोडपी कारखान्यांच्या फडात, कोप्यांत असतात. पोरे प्रभातफेरीला नसतात, बायाबापे ग्रामसभेला नसतात. ज्यांच्या घामावर साखर निघते, त्यांचा प्रजासत्ताक दिन उसाच्या फडात जातो आणि गावचा ठराव त्यांच्या पाठीमागे होतो. ज्या गावातली निम्मी घरे कुलूपबंद आहेत, तिथे कोरम भरला तरी गाव भरले असे आम्ही म्हणणार नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. एक, झेंडावंदनानंतर घटनेच्या उद्देशिकेबरोबर १९३० ची प्रतिज्ञाही वाचावी. दोन, कांदा आणि कापूस यांचा त्या वर्षाचा उत्पादन खर्च आणि हातात पडलेला भाव गावाच्या फळ्यावर लिहावा आणि तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्यावा. तीन, मुकादमाची उचल, मजुरी, पोरांची शाळा हे ऊसतोडीचे विषय १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावेत, कारण तेव्हा ही माणसे घरी असतात. बायांचे म्हणणे आधी महिला सभेत लिहून घ्यावे. चार, २६ जानेवारीला प्रत्येक गावातून दोन-चार कार्यकर्त्यांनी आपल्या माणसांच्या फडावर जावे, तिथे झेंडा लावावा आणि त्यांची गाऱ्हाणी लिहून आणून ग्रामसभेत वाचावीत.

याला मंत्री लागत नाही, मांडव लागत नाही. एक सुती झेंडा, एक फळा आणि दोन तास बसायची तयारी लागते. जिलेबी नंतर खाऊ.