विश्लेषण : हरलेला डाव इंजिनाआधी माणसाला का दाखवावा?

डाव संपला, एक कळ दाबली की कोणती चाल चुकली हे मोबाइल काही सेकंदांत सांगतो. तरीही जगभरातील असंख्य हौशी बुद्धिबळपटू आपले डाव, त्यातही हरलेले डाव, टिपणांसह ऑनलाइन मांडतात आणि अनोळखी खेळाडूंकडून त्यांची चिरफाड करून घेतात. जगज्जेत्यालाही सहज हरवू शकणारे इंजिन खिशात असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मात्र इंजिनाचे उत्तर आणि खेळाडूचे शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातील फरक न ओळखल्यास वर्षानुवर्षे खेळूनही खेळ जागच्या जागी राहू शकतो.

डाव मांडणे इतके सोपे कधी झाले?

दीर्घ कालावधीच्या स्पर्धात्मक डावात प्रत्येक चाल कागदावर लिहिणे खेळाडूला बंधनकारक असते. हा नोंदीचा कागद पूर्वी वहीत किंवा कपाटात पडून राहत असे. १९९३ मध्ये पीजीएन ही संगणकाला आणि माणसालाही वाचता येईल अशी नोंदपद्धत आली आणि संपूर्ण डाव काही ओळींच्या मजकुरात मावू लागला. २०१० मध्ये थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने लिचेस हे मोफत, मुक्तस्रोत संकेतस्थळ सुरू केले. तेथे डावाच्या प्रत्येक चालीखाली टिपण लिहिता येते, पटावर बाण काढता येतात आणि हा सारा ‘अभ्यास’ दुव्याच्या रूपात कोणालाही पाठवता येतो. दुसरीकडे, चेस डॉट कॉमची सदस्यसंख्या डिसेंबर २०२२ मध्ये १० कोटींवर गेली.

भारतात या लाटेला मोठे बळ मिळाले ते पटावरील यशामुळे. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदके, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोम्माराजू गुकेशचे जगज्जेतेपद आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकलेला महिलांचा विश्वचषक, यांनी बुद्धिबळ घराघरांत पोहोचले. प्रत्येक तालुक्याच्या गावी चांगला प्रशिक्षक मात्र पोहोचलेला नाही. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक किंवा सांगलीत राहणाऱ्या मुलाला आपला डाव जाणत्या खेळाडूपुढे ठेवण्याची संधी मिळू शकते. आडगावच्या मुलासाठी किंवा चाळिशीत पुन्हा पटाकडे वळलेल्या नोकरदारासाठी ही जागा ऑनलाइन मंडळींनीच भरून काढली आहे.

ही पद्धत खरेच नवी आहे का?

साधन नवे आहे, विचार जुना आहे. डाव संपल्यावर दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी त्याच पटावर बसून ‘तू इथे काय पाहिलेस’ असे एकमेकांना विचारण्याची प्रथा बुद्धिबळात फार पूर्वीपासून आहे. खेळाडू तिला गमतीने पोस्टमॉर्टेम म्हणतात.

१९४८ मध्ये जगज्जेते झालेले सोव्हिएत खेळाडू मिखाईल बोट्विनिक हे पेशाने विद्युत अभियंता होते आणि प्रशिक्षक म्हणूनही ख्यातनाम ठरले. आपल्या डावांचे विश्लेषण स्वतः करावे आणि ते प्रसिद्ध करावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यामागील कारण व्यवहारी होते. चार भिंतींत केलेल्या विश्लेषणात माणूस स्वतःला सहज माफ करतो. तेच छापून आले की चूक दाखवायला कोणी तरी पुढे येतेच. बॉबी फिशर यांनी १९६९ मध्ये निवडक ६० डावांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात नऊ बरोबरीचे आणि तीन हरलेले डाव होते. स्वतःच्या श्रेष्ठत्वाबद्दल कधीच साशंक नसलेल्या फिशर यांनाही आपले पराभव वाचकांपुढे ठेवावेसे वाटले, हे महत्त्वाचे. आजचा हौशी खेळाडू करतो ते याच परंपरेत बसणारे आहे.

इंजिन नेमके काय सांगते?

१९९७ मध्ये गॅरी कास्पारोव्ह यांना हरवणारा डीप ब्लू हा एक महाकाय संगणक होता. आज स्टॉकफिश हे त्याहून कितीतरी बलाढ्य इंजिन मोफत मिळते आणि साध्या फोनवर चालते. २००८ मध्ये सुरू झालेल्या या मुक्तस्रोत प्रकल्पात २०२० मध्ये न्यूरल नेटवर्कची भर पडली आणि त्याची ताकद आणखी वाढली. पटावरील स्थिती दिली की ते सर्वोत्तम चाल सुचवते आणि एक आकडा देते. अधिक असेल तर पांढऱ्याची बाजू वरचढ, उणे असेल तर काळ्याची.

या आकड्याचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. ‘अधिक एक’ म्हणजे एका प्याद्याची आघाडी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु २०२२ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून स्टॉकफिशमध्ये ‘अधिक एक’ म्हणजे पांढऱ्याला विजयाची ५० टक्के शक्यता असे प्रमाण धरलेले आहे. ही शक्यताही दोन्ही बाजूंनी इंजिनच खेळत असेल तरची. रविवारच्या स्पर्धेत घड्याळात चार मिनिटे उरलेली असताना, घाम पुसत खेळणाऱ्या दोन माणसांची ती शक्यता नव्हे. त्यामुळे इंजिनाच्या दृष्टीने समसमान असलेली स्थिती एका बाजूला खेळायला सोपी आणि दुसऱ्या बाजूला जीवघेणी अवघड असू शकते. आकड्यात हे दिसत नाही.

मग ते काय सांगत नाही?

ते ‘का’ सांगत नाही. सिंगापूरमध्ये १२ डिसेंबर २०२४ रोजी झालेला जागतिक लढतीचा १४ वा डाव याचे ठळक उदाहरण आहे. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, पण दोघांकडेही एक हत्ती आणि एक उंट शिल्लक असल्याने डाव बरोबरीकडे झुकला होता. ५५ व्या चालीवर डिंग लिरेन याने हत्तींची अदलाबदल देऊ केली. त्याच क्षणी जगभरच्या प्रेक्षकांच्या पडद्यावरील पट्टी एका बाजूला कोसळली. काय झाले ते सगळ्यांना कळले. का झाले ते मात्र समजावून घ्यावे लागले. डिंगचा उंट कोपऱ्यात अडकला होता. हत्ती गेल्यानंतर गुकेशला उंटांचीही अदलाबदल लादता येत होती आणि मग उरलेला राजा-प्याद्यांचा डाव काळ्यासाठी सरळ विजयाचा होता. समोरची चाल ही घोडचूक आहे हे पहिल्या क्षणी आपल्याही लक्षात आले नव्हते, असे गुकेशने नंतर सांगितले. पट्टी पाहणारा प्रेक्षक त्याच्याही आधी ‘जाणता’ झाला होता. पट्टी काढून घेतली असती, तर त्यातील किती जणांना ती चाल चुकीची वाटली असती?

हौशी खेळाडूच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. समजा, पंधराशेच्या आसपास मानांकन असलेल्या एका खेळाडूचा ३१ व्या चालीवर घोडा फुकट गेला. इंजिन त्या चालीवर घोडचुकीचा शिक्का मारते आणि १८ व्या चालीवर त्याने वजिरांची अदलाबदल टाळली तिला केवळ ‘किंचित चूक’ म्हणते. पण खेळाडूने स्वतःचे टिपण लिहिले, तर चित्र बदलते : ‘अदलाबदल केली तर हत्तींचा शेवट खेळावा लागेल, तो नीट जमत नाही, म्हणून टाळली. मग हल्ला शोधण्यात २० मिनिटे गेली. हल्ला मिळालाच नाही. ३१ व्या चालीला दोन मिनिटे उरली होती.’ हे वाचणारा कोणताही अनुभवी खेळाडू सांगेल, की आजार १८ व्या चालीवर आहे, ३१ वी चाल हे फक्त लक्षण. उपाय घोडा सांभाळण्याचा नसून हत्तींच्या शेवटाचा अभ्यास करण्याचा आहे. ही भीती इंजिनाला दिसण्याचा मार्गच नाही, कारण ती चालींच्या नोंदीत नसते.

टक्केवारीचा मोह घातक का?

डावानंतर मिळणारी ‘अचूकता ९१ टक्के’ ही पाटी आणि ‘ब्रिलियंट’ चालीची निळी-हिरवी खूण या गोष्टी खेळाडूला पुन्हा खेळायला लावण्यासाठी परिणामकारक आहेत. शिकण्याचे माप म्हणून त्या कच्च्या आहेत. प्रतिस्पर्ध्याने दहाव्या चालीलाच वजीर गमावला, तर पुढील डाव कोणालाही अचूक खेळता येतो. उलट, गुंतागुंतीच्या स्थितीत ४० चाली झुंज देऊन हरलेल्या डावाची टक्केवारी कमी दिसते. ‘ब्रिलियंट’चा निकषही सर्वांसाठी सारखा नसतो. नवख्यांच्या बाबतीत तो जाणीवपूर्वक सैल ठेवलेला असतो.

याचा परिणाम काय मांडले जाते त्यावर होतो. जिंकलेले आणि वजिराचा बळी देऊन मात केलेले डाव आवर्जून दाखवले जातात, हरलेले लपवले जातात. लहान मुलांच्या बाबतीत तर पालकच गुणपत्रिकेसारखी टक्केवारी तपासू लागतात. मग मूल अवघड स्थिती टाळू लागते आणि सोपे प्रतिस्पर्धी शोधू लागते. खेळाची गोडी लावण्यासाठी आणलेले साधन असे खेळाच्या मुळावर येऊ शकते.

माणसेही चुकत नाहीत का?

चुकतात, आणि हा आक्षेप रास्त आहे. ऑनलाइन मत देणारा स्वतः नवखा असू शकतो. आत्मविश्वासाने दिलेला चुकीचा सल्ला नम्रपणे दिलेल्या बरोबर सल्ल्याहून जास्त पटतो. डावपेचांतील चुकांबाबत इंजिनाचा शब्द अखेरचा मानायलाच हवा. ‘इथे बळी चालला असता’ असे कोणी म्हटले, तर ते खरे की खोटे हे दोन सेकंदांत तपासता येते आणि तपासावेही. इंजिन वापरू नये, असा मुद्दाच नाही. मुद्दा क्रमाचा आहे. उत्तर आधी पाहिले, की प्रश्न सोडवण्याची गरज उरत नाही. गणिताच्या पुस्तकातील मागची पाने उघडून उदाहरणे सोडवणाऱ्याला जे साधते, तेवढेच येथेही साधते.

डाव मांडण्याची योग्य रीत कोणती?

पहिली पायरी, इंजिन बंद ठेवून त्याच दिवशी टिपणे लिहिणे. दुसऱ्या दिवसापर्यंत आठवणी धूसर होतात आणि माणूस नकळत शहाणपणाची कारणे रचतो. कोणत्या चालींचा विचार केला, प्रतिस्पर्धी काय खेळेल असे वाटले, कुठे भीती वाटली, घड्याळात किती वेळ होता, एवढे पुरे. प्रत्येक चालीवर लिहिण्याची गरज नाही. निर्णायक वाटलेल्या तीन-चार जागा निवडाव्यात.

दुसरी पायरी, नेमका प्रश्न विचारणे. ‘माझा डाव कसा वाटला’ या प्रश्नाला ‘छान’ याखेरीज उत्तर मिळत नाही. ‘२२ व्या चालीनंतर माझ्या उंटाला चांगले घर कोणते होते’ असे विचारले, तर चर्चा होते. इंजिन तिसऱ्या पायरीवर यावे आणि त्याच्या उत्तराशी आपली टिपणे ताडून पाहावीत. जिथे इंजिन आणि आपण यांच्यात सर्वाधिक अंतर आहे, तिथेच पुढील महिन्याचा अभ्यास दडलेला असतो.

पथ्ये कोणती?

चालू असलेला डाव कधीही मांडू नये. दिवसाला एक चाल अशा संथ गतीने चालणाऱ्या ऑनलाइन डावांत हा मोह जास्त होतो. पण तेथे इतरांची मदत घेणे ही फसवणूकच ठरते. प्रतिस्पर्धी, विशेषतः अल्पवयीन असेल तर, त्याचे नाव काढून टाकावे. डाव आपला असला, तरी त्यातील चुका दोघांच्या असतात. प्रतिस्पर्धी फार अचूक खेळला म्हणून त्याने इंजिन वापरले असावे, असे जाहीरपणे सुचवण्याचा प्रकार वाढला आहे. तोही टाळायला हवा. शंका असल्यास संकेतस्थळाकडे किंवा पंचांकडे तक्रार करण्याची सोय असते. मत देणाऱ्यांनाही पथ्य आहे. ज्याने पराभव उघडा करून दाखवला, त्याची खिल्ली उडवली तर तो पुन्हा कधीच दाखवणार नाही, आणि पाहणारे इतरही गप्प बसतील.

यातून साधते काय?

हौशी खेळाडूंपैकी बहुतेक जण ग्रँडमास्टर होणार नाहीत. त्यांना ते ठाऊकही असते. मग सुधारणेचा एवढा अट्टहास का? कारण आपला विचार कुठे भरकटला हे शांतपणे शोधणे, ते लिहिणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे ही सवय पटापुरती राहत नाही. शाळेत चुकलेले उत्तर खोडरबराने पुसायला शिकवले जाते. बुद्धिबळात चुकलेली चाल पुसता येत नाही, ती नोंदीच्या कागदावर कायम असते. तिच्याकडे पाहण्याची तयारी हीच सुधारणेची सुरुवात. उत्तम चाल कोणती हे इंजिन यापुढेही सांगत राहील आणि दरवर्षी अधिक अचूक सांगेल. ती आपल्याला का सुचली नाही, हे शोधण्याचे काम मात्र खेळाडूलाच करावे लागणार आहे. त्यासाठी समोर कोणी तरी ऐकणारे माणूस असले, तर ते काम बरेच हलके होते.