आधी बियाणे तपासा!

दिवाळीच्या फराळाचे ताट घेऊन घरची सून बाहेरच्या खोलीत येते. चकली खुसखुशीत साधलेली असते, अनारशाला जाळी पडलेली असते. पण समोर बसलेल्या आत्याबाईंचे लक्ष ताटाकडे नसतेच. त्या सुनेला आपादमस्तक न्याहाळतात आणि विचारतात, "मग, यंदा काही गोड बातमी?" सून कसेनुसे हसते आणि आत निघून जाते. तिचा नवरा मात्र तेथेच पाय पसरून, दुसरी करंजी मोडीत, क्रिकेटवर वाद घालीत बसलेला असतो. त्याला कोणी काही विचारीत नाही. वाचकहो, त्याला न विचारलेल्या त्या प्रश्नासाठीच हा लेख आहे.

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्या घरांत एक खटला उभा राहतो. त्यात आरोपी आधीच ठरलेली असते आणि शिक्षाही. सोळा सोमवार धर, पुत्रदा एकादशी कर, औदुंबराला प्रदक्षिणा घाल, अमक्या गावच्या वैदूची पुडी दुधातून घे. हल्ली या यादीला एक नवे, भारदस्त नाव मिळाले आहे : 'नैसर्गिक उपाय'. आमचा निसर्गाशी काहीच तंटा नाही. तंटा आहे तो निसर्गाचे नाव पुढे करून एकट्या बाईला उपाशी ठेवणाऱ्यांशी.

'उपाशी' हा शब्द आम्ही जपून वापरतो आहोत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक जणी तशाच. अशा बाईला आई होण्यासाठी आपण काय सुचवतो? तर उपास! आठवड्यातून दोन दिवस साबुदाणा, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. लोह नाही, प्रथिने नावाला. बाकीच्या दिवशी सर्वांची जेवणे उरकल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल ते. ओटी भरायला पाच सुवासिनी धावून येतात. तिच्या ताटात मूठभर उसळ आणि पालेभाजी पडली की नाही, हे पाहायला एकही येत नाही.

यावर जुन्या वळणाची मंडळी म्हणतील, आमच्या शास्त्रात सगळे सांगितलेले आहे. सांगितले आहे खरे! सुश्रुतसंहितेत गर्भ राहण्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात असे म्हटले आहे : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, चांगली जमीन, पाणी म्हणजे पोषण, आणि बी. बाईला शेत म्हणणे आम्हाला पसंत नाही, कारण अर्धे बीज तिचेच असते. पण ज्यांना हा दाखला प्रिय आहे त्यांनी तो निदान पुरता तरी वापरावा. आपला विदर्भातला वा मराठवाड्यातला शेतकरी सोयाबीन पेरण्यापूर्वी काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवतात ते पाहतो. बी तपासल्यावाचून जमिनीला शिव्या घालणाऱ्यास गाव खुळा म्हणेल. घरात मात्र तोच खुळेपणा परंपरा म्हणून मिरवतो!

मूल न होण्यामागे सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते. कधी ते एकटेच, कधी बाईच्या कारणाबरोबर. पुरुषाच्या वीर्याची तपासणी ही या प्रकरणातली सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे. सुई टोचावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही. तरीही ती सर्वांत शेवटी होते, आणि पुष्कळदा होतच नाही. आमच्या परिचयातील एका घरात सुनेच्या चार वर्षे तपासण्या झाल्या, तीन ठिकाणचे अंगारे झाले. आणि शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला दटावून पाठवले, तेव्हा दोष त्याच्याकडे निघाला. त्या चार वर्षांची भरपाई सुनेला कोण देणार? बाईचे बीज पस्तिशीनंतर झपाट्याने कमी होते. 'नवस केला तर बिघडले कुठे?' असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर एवढेच : वर्षे बिघडतात.

या विषयावर बोलायला लाजण्याचे कारण नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, खटले अंगावर घेऊन, 'समाजस्वास्थ्य' मासिकातून मराठी माणसाला हे शब्द शिकवले आहेत.

तर आता खरे नैसर्गिक उपाय ऐका. पुरुषबीज तयार व्हायला सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. म्हणजे आज सोडलेल्या तंबाखूचे फळ संक्रांतीनंतर दिसेल, पण दिसेल. विडी-सिगरेट, गुटखा, दारू आणि वाढते पोट यांनी बीज बिघडते. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी टोचून घेतलेल्या पुरुषी संप्रेरकाने तर ते तयार होणेच थांबते. विडी-सिगरेट बाईच्या बीजालाही बाधते. वजन फार वाढले किंवा फार उतरले तर तिची पाळी अनियमित होते. ते ताळ्यावर आणणे हाच कित्येकींच्या बाबतीत पहिला उपचार असतो. आणि काळ? स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटते आणि जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरते. म्हणजे महिन्यात दिवस मिळतात ते सहाच. नवरा पुण्यास, बायको नाशकास, भेट महिन्यातून दोन रविवार, अशा संसारात औदुंबराने तरी काय करावे?

पूर्वतयारीची एक गोष्ट तर आपल्या मुंबईतच हाती लागली. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणीकामगार वस्तीतल्या गरोदर बायका पांडुरोगाने खंगून मरत होत्या. विल्सबाईंनी त्यांचे आजार पाहिले तसे त्यांचे जेवणही पाहिले, आणि यीस्टच्या एका स्वस्त अर्काने त्यांचे रक्त भरून येते हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातले द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. पानावरूनच त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी पहिल्या २८ दिवसांतच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे ध्यानात येते न येते तोच. ज्या मातांना आधी असे व्यंग असलेले मूल झाले होते, त्यांच्यात ही गोळी अगोदरपासून दिल्याने पुन्हा तसे होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, असे १९९१ साली सिद्ध झाले. म्हणून दिवस राहण्यापूर्वी निदान महिनाभर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे आणि पहिले तीन महिने चालू ठेवावे. आधीच्या मुलात व्यंग असेल, मधुमेह असेल किंवा फेफऱ्याची औषधे चालू असतील, तर मात्रा डॉक्टरांनाच विचारावी. ज्या गिरणगावच्या बायकांमुळे जगाला हे कळले, त्यांच्या नातसुनांना आपण ती गोळी सोडून राख चाटवतो!

आणि त्या पुड्या? बॉस्टन शहरातील दुकानांतून आपल्याकडच्या बनावटीची ७० आयुर्वेदिक औषधे घेऊन तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. ही तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. शिसे बाईच्या हाडांत साठते आणि गरोदरपणी तेथून गर्भापर्यंत पोहोचते. पुडीवर 'नैसर्गिक' लिहिले म्हणून ते साखर होत नाही. शिसेही निसर्गातच सापडते!

निसर्गालाही मर्यादा आहेत. क्षयाने गर्भनलिका बंद झाल्या असतील तर कोणतीही पालेभाजी त्या उघडणार नाही. म्हणून वर्षभर वाट पाहून, आणि बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहाच महिन्यांनी, दोघांनी डॉक्टरांकडे जावे. दोघांनी, आणि एकाच दिवशी. एवढे करूनही मूल झाले नाही, तर ते घर अपुरे ठरत नाही, आणि ती बाई तर मुळीच नाही.

म्हणून यंदा एक करा. आत्याबाईंनी तो प्रश्न विचारायचाच असेल तर क्रिकेटवाल्याला विचारावा. भाऊबीजेला भावाने बहिणीच्या ताटात पाकीट टाकताना मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणावे, "भावजी, तुमची तपासणी कधी?" आणि पाडव्याला पत्नी ओवाळील तेव्हा पतीने तबकात नोट तर टाकावीच, पण तिच्या शेजारी खिशातली तंबाखूची डबीही ठेवावी. ती परत उचलू नये.