सुरांची चरित्रे आणि गिरडची टेकडी

विशेष प्रतिनिधी

गिरड (जि. वर्धा) : समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर पसरलेले गोलसर खडे ही मुळात फळे होती, असे भाविक मानतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सारा माल ख्वाजा शेख फरीद यांनी दगडाचा केला आणि ते शरण येताच वाळक्या पानांतून त्यांना नवा माल निर्माण करून दिला, अशी ही आख्यायिका. भूशास्त्र या खड्यांना झिओलाईट म्हणते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने खडे आणि आख्यायिका दोन्हींची नोंद केली, दर्ग्यावर हिंदू व मुसलमान सारखेच येतात हेही लिहिले. गाणाऱ्यांविषयी मात्र त्यात अवाक्षर नाही. ज्या चिश्ती परंपरेत संगीत हाच साधनेचा मार्ग मानला गेला, त्या परंपरेच्या स्थानाची ही नोंद!

शंभर वर्षांनंतर नोंदीचे साधन बदलले. लेखणीच्या जोडीला कॅमेरा आला. दृष्टी कितपत बदलली, हा प्रश्न आहे.

थोर संगीतकारांवरील माहितीपटांची आपली परंपरा हलकी नाही. मणी कौल यांनी 'ध्रुपद'मध्ये झिया मोहिउद्दीन आणि झिया फरीदुद्दीन या डागर बंधूंचे गायन-वादन टिपले. यांपैकी झिया मोहिउद्दीन यांचे गुरुकुल पनवेलजवळच्या पळस्पे येथे होते. १९८९ च्या 'सिद्धेश्वरी'त कौल यांनी जन्म-शिक्षण-सन्मान ही ठरीव वाट सोडली. गुलजार यांनी १९९२ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांच्यावर, तर नंदन कुध्याडी यांनी 'रसयात्रा'तून मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावर माहितीपट केला. कुमार गंधर्वांवर जब्बार पटेल यांचा 'हंस अकेला' आला आणि २०११ मध्ये अमोल पालेकर व संध्या गोखले यांनी किशोरी आमोणकर यांना 'भिन्न षड्ज'मधून पडद्यावर आणले.

या माहितीपटांची किंमत कलावंत गेल्यावर कळते. किशोरीताई २०१७ मध्ये निवर्तल्या. पण स्वराविषयीचा त्यांचा आग्रह आणि त्यांचे ते कडक मौनसुद्धा आज पाहता येते. याउलट कुमारजींचे १९९२ मध्ये निधन झाल्यानंतर त्यांच्यावर चित्रपट करणाऱ्याला इतरांच्या आठवणींवर बरेच विसंबावे लागले. मरणोत्तर माहितीपटाला श्रद्धांजलीचा सूर लागतोच, आणि श्रद्धांजलीत माणूस थोडा हरवतो.

तथापि, ही नावे पुन्हा वाचली तर पारडे कुठे झुकते ते दिसते. घराणे, दरबार, मैफल. शाहिरापर्यंत कॅमेरा पोहोचला तो बहुधा दुर्घटनेच्या वाटेने. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच आंबेडकरी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे खपून २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. घोगरे यांचे गाणे पटवर्धनांनी आधीच्या एका माहितीपटात चित्रित केले होते, म्हणून तो आवाज तरी उरला.

वर्धा-अमरावती पट्ट्यात खंजिरीच्या ठेक्यावर उभी राहिलेली भजनाची परंपरा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला येऊन राहिले होते. १९६८ मध्ये महाराज गेले. त्यांना प्रत्यक्ष ऐकून खंजिरी हाती घेतलेली पिढी आता वार्धक्यात आहे. ज्यांचा प्रभाव तिकीटविक्रीत नव्हे तर गावाच्या सामुदायिक प्रार्थनेत मोजावा लागतो, ते 'प्रभावशाली संगीतकार' नव्हेत काय?

क्युबाचे उदाहरण येथे आठवते. विम वेंडर्स यांच्या १९९९ च्या 'ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब'ने हवानातील विस्मरणात गेलेल्या वृद्ध वादक-गायकांना जगापुढे आणले. त्यांतील इब्राहिम फेरर यांच्यावर उतारवयात बुटांना पॉलिश करण्याची वेळ आली होती.

आपल्याकडे हे काम फिल्म्स डिव्हिजनने अनेक दशके केले, सरकारी चाकोरीत का होईना. 'सिद्धेश्वरी' आणि गुलजार यांचा माहितीपट त्याच संस्थेचे. २०२२ मध्ये तिचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. जुन्या चित्रफितींचे डिजिटल जतन होणे स्वागतार्हच. परंतु जतन होते ते आधी चित्रित झालेल्याचे. ज्यांच्यावर कॅमेरा रोखलाच गेला नाही, त्यांच्यासाठी त्या तिजोरीत काही नाही. खासगी निर्मात्यांचा कल तर सध्या चरित्रपटांकडे आहे. 'बालगंधर्व' (२०११) व 'मी वसंतराव' (२०२२) यांना प्रेक्षक लाभले. ते चित्रपट चांगलेच. पण त्यात भूमिका करणारा नट दिसतो, मूळ माणूस नव्हे.

मोबाईलवर प्रत्येक भजन आणि कव्वाली टिपली जाते, हा युक्तिवाद अपुरा आहे. तीन मिनिटांच्या तुकड्यात गाणे सापडते. गाणारा शेतावर राबून रात्री कसा गातो, चाल कोणाकडून शिकला, घरच्यांनी काय सोसले, हे त्यात येत नाही. त्यासाठी कोणीतरी महिनोन्महिने त्याच्या ओसरीवर बसावे लागते.

गिरडपासून साधारण साठ किलोमीटरवर, वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात नाट्य व चित्रपटाचा अभ्यासक्रम चालतो. विद्यार्थी आहेत, कॅमेरे आहेत. गिरडला यायला त्यांना एसटीचा एका दिवसाचा प्रवास पुरेसा आहे.