शोकानंतरचा सूर

दिल्लीच्या करोल बागेतील गफार मार्केटात एके काळी परदेशी टेपरेकॉर्डर घेण्यासाठी ग्राहकांची रीघ लागे. ध्वनिफितींच्या त्या युगात गझल मैफलीतून निघून सामान्य घरांत पोहोचली. तिला तेथवर नेणाऱ्यांत जगजितसिंग व चित्रासिंग हे दांपत्य अग्रभागी होते. १९७६ साली निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेने लोकप्रियतेचे दार उघडले. १९८८ साली दूरदर्शनवरील ‘मिर्झा गालिब’ मालिकेने त्यांचा स्वर घरोघर नेला.

१९९० साली त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. चित्राबाईंनी गाणे सोडले, ते कायमचेच. जगजितसिंगांचाही सूर काही काळ थांबला. पुढे १९९१ मध्ये लता मंगेशकरांसमवेत त्यांचा ‘सजदा’ हा गझलसंग्रह प्रसिद्ध झाला. सजदा म्हणजे ईश्वरापुढे मस्तक टेकणे. त्या गायनात आक्रोश नाही. वेदना आहे, पण ती संथ आणि संयत आहे. त्यानंतर २०११ मधील अखेरच्या आजारापर्यंत ते गात राहिले.

एकाच घरातील एकाच दुःखाने एकाला पुन्हा गाते केले, तर दुसऱ्याला मौन दिले. म्हणूनच शोकग्रस्त आप्ताला “आता विसर, कामाला लाग” असे सांगण्याची घाई कुटुंबीयांनी करू नये. हाती पुन्हा काम घेण्याची वेळ ज्याची त्यालाच कळते. तोवर सोबत द्यावी. आणि एखाद्याने मौनच पत्करले, तर त्याचाही तितकाच आदर राखावा.